हप्ता आठवड्याचा, कमाई वर्षाची: बचत गट आणि मायक्रोफायनान्सविषयी वाचकांचे प्रश्न

बचत गट, समूह कर्ज आणि घरी चालत येणारं मायक्रोफायनान्स (कंपन्यांची छोटी, विनातारण कर्जं) यांबद्दल आलेल्या पत्रांतून सात प्रश्न निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली असून नावं-गावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: वस्तीवर दोन कंपन्यांचे लोक येतात. दोघंही ३० हजार रुपये १२ महिन्यांसाठी द्यायला तयार आहेत. एकाचं व्याज १४ टक्के, दुसऱ्याचं २४ टक्के. म्हणजे पहिली कंपनी स्वस्त. मग दोघांचा हप्ता जवळपास सारखा कसा?

कारण पहिली कंपनी स्वस्त नाहीच. ताई, तुम्ही दराऐवजी हप्ता पाहिलात हे फार चांगलं केलंत.

१४ टक्के हा ‘फ्लॅट’ दर आहे. तो वर्षभर पूर्ण ३० हजारांवर लावला जातो, म्हणजे व्याज ४,२०० रुपये आणि महिन्याचा हप्ता २,८५० रुपये. पण ३० हजार तुमच्याकडे वर्षभर असतात कुठे? सहा महिन्यांत जवळपास निम्मं मुद्दल परत गेलेलं असतं, तरी व्याज मात्र पूर्ण रकमेवरच चालू राहतं. २४ टक्केवाला घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, आकारतो. त्याचा हप्ता साधारण २,८३७ रुपये येतो आणि वर्षाचं व्याज ४,०४१ रुपयांच्या आसपास. म्हणजे ‘महाग’ वाटणारं कर्ज दीडशे रुपयांनी स्वस्त पडतं. वर्षभराच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ ने गुणलं की खऱ्या दराचा अंदाज येतो. १४ चे २५ होतात.

आता दुसरा प्रश्न विचारा: हातात किती पडणार? प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि विमा कापून २९ हजारच मिळाले आणि हप्ता २,८५० राहिला, तर खरा दर साडेएकतीस टक्क्यांच्या घरात जातो. कंपन्यांनी हे सगळं माहितीपत्रकात, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लिहून द्यावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२२ पासून मायक्रोफायनान्सच्या व्याजावर ठरावीक कमाल मर्यादा राहिलेली नाही, त्यामुळे दोन कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचणं तुमच्यावरच आहे. त्यातला ‘वार्षिक टक्केवारी दर’, म्हणजे शुल्कं धरून येणारा खरा दर, तेवढा ताडून पाहा. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आपल्या गटांतही हीच चूक सर्रास होते. १० हजार रुपये शेकडा दोनने दहा महिन्यांसाठी दिले आणि दर महिन्याला एक हजार मुद्दल परत आलं, तर व्याज २००, १८०, १६० असं उतरत जाऊन एकूण १,१०० रुपये व्हायला हवं. अनेक वह्यांत दहाही महिने २०० लिहिलेले असतात आणि बाईकडून दोन हजार घेतले जातात. कोणाच्या मनात खोट नसते, फक्त शिल्लक मुद्दलाचा रकाना कोणी आखलेला नसतो. तो आजच आखून घ्या.

प्रश्न: शेळीपालनासाठी ४० हजारांचं कर्ज मंजूर होतंय, दोन वर्षांचं, हप्ता आठवड्याला. घरात मजुरीचं उत्पन्न आहे. घ्यावं का?

शेळी चांगली आहे, कर्जही कदाचित चांगलं असेल. पण ती दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेक कर्जं बुडतात ती इथेच. बाईला धंदा जमत नाही असं त्यामागे क्वचितच असतं.

दिवस मोजू. शेळी सुमारे पाच महिने गाभण राहते. पिल्लू विकण्याजोगं व्हायला आठ-नऊ महिने लागतात. आज रिकामी शेळी आणली आणि ती लगेच फळली, तरी पहिला पैसा तेरा-चौदा महिन्यांनी. तीन महिन्यांची गाभण आणली तर दहा-अकरा महिन्यांनी. इकडे ४० हजार, २४ टक्के घटत्या शिलकीवर, २४ महिने, म्हणजे महिन्याला साधारण २,११५ रुपये जाणार. पहिलं बोकड विकायच्या आत २३ हजारांहून जास्त परत गेलेले असतील आणि ते सगळे तुमच्या मजुरीतून. पावसाळ्यात पंधरा दिवस काम बंद राहिलं की हप्त्यासाठी शेळीच बाजारात जाते, तीही गाभण आणि पडत्या भावात. व्यापाऱ्याला तुमची नड कळलेली असते.

म्हणून एकच कसोटी लावा: शेळीपासून वर्षभर एक रुपया आला नाही असं धरा. तरी हा हप्ता मजुरीतून निघतो का? निघत असेल तर घ्या. नसेल तर या वाटा आहेत.

पहिली, रक्कम कमी करा. गटातून दोन शेळ्यांपुरतं कर्ज घ्या आणि गटात ठराव करून मुद्दलाची फेड विक्रीच्या महिन्यात ठेवा, तोवर फक्त व्याज भरा. गटाला हे करता येतं. कंपनीला ते बहुधा करायचं नसतं, पण विचारायला हरकत नाही. हप्त्यांचा कालावधी कर्जदाराच्या गरजेनुसार ठेवण्याची सोय असावी असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. निदान आठवड्याऐवजी महिना मागा. कोलकात्यात झालेल्या एका अभ्यासात (२०१३) काही महिलांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी तर काहींचा दोन महिन्यांनी सुरू केला. उशिरा सुरू झालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि त्यांचा नफाही वाढला. थकबाकीही वाढली, म्हणून कंपन्या ही सवलत द्यायला कचरतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

दुसरी, ४० हजार घेतलेच तर सगळे शेळ्यांवर घालू नका. पाच-सहा हजार बाजूला हवेत. मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळला चारा आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक लागतो. उन्हाळ्यात हिरवा चारा विकत घ्यावा लागला तर तो खर्च आधी मांडा. शेळी दोन किंवा चार दाती घ्या, शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याच्या दावणीवरून. उस्मानाबादी असेल तर जुळं होण्याची शक्यता चांगली असते. आठवडी बाजारातून आणली तर दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळी बांधा. पीपीआर (शेळ्यांचा वेगाने पसरणारा विषाणूजन्य रोग) याची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस चुकवू नका. पीपीआर शिरला तर अख्खा कळप आठवड्याभरात जाऊ शकतो आणि हप्ता मात्र तसाच उभा राहतो. विमा काढला असेल तर कानातला बिल्ला जपा. बिल्ला नसेल तर दावा मिळत नाही. तो गळून पडला तर त्याच दिवशी कळवून नवा बसवून घ्या. शेळी दगावली तर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या.

बोकडं बकरी ईदला विकायची असतील तर ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते हे धरून गाभण काळाचा हिशेब मागे मोजत आणा.

प्रश्न: आमचा १२ जणींचा गट १४ महिन्यांचा आहे. दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत. बँकेत तीन वेळा जाऊन आलो, साहेब म्हणतात ‘अजून बचत वाढू द्या’. एका सदस्येच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, तेही कारण सांगितलं. बचत तशीच खात्यात ठेवली आहे, कोणाला कर्ज दिलेलं नाही.

शेवटच्या वाक्यातच अडचण आहे. बचत खात्यात पडून आहे म्हणजे गट चालतोय याचा पुरावाच बँकेसमोर नाही. बँक पाहते ती पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. तुमची पाचपैकी दोन सूत्रं रिकामी आहेत. ‘आपण पैसे वाटले तर बँकेला शिल्लक कमी दिसेल’ ही भीती खोटी आहे. गटाच्या निधीत सदस्यांकडे कर्जाऊ गेलेली रक्कमही धरली जाते. बचत, व्याज, दंड, फिरता निधी (योजनेतून गटाला मिळणारी रक्कम) असं सगळं मिळून तो निधी मोजतात.

दीनदयाळ अंत्योदय या सरकारी योजनेखालचे (आपल्याकडे ‘उमेद’) गट असतील तर नियम बरेच स्पष्ट आहेत. गट किमान सहा महिने सक्रिय हवा. ते सहा महिने गटाच्या वहीवरून मोजायचे, खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. पहिलं कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. तुमची १४ महिन्यांची नुसती बचत ३३,६०० रुपये होते. सहापट म्हणजे २,०१,६०० रुपये. दहा लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही आणि मुदत ठेव ठेवा असा आग्रहही धरता येत नाही. तीन लाखांपर्यंत पात्र महिला गटांना सात टक्के दराने कर्ज मिळतं. आणि नवऱ्याच्या पीककर्जाचं म्हणाल, तर एखाद्या सदस्येची किंवा तिच्या घरच्यांची थकबाकी हे गटाला कर्ज नाकारण्याचं कारण सहसा होऊ नये, गट स्वतः थकलेला नसला की झालं, असं रिझर्व्ह बँकेनेच म्हटलं आहे. त्या परिपत्रकाची प्रत ग्रामसंघाकडे (गावातल्या गटांच्या संघाकडे) किंवा उमेदच्या तालुका अभियान कक्षात मागा आणि सोबत घेऊन जा.

पण आधी घर आवरा. पुढच्या बैठकीतच दोघी-तिघींना छोटी कर्जं द्या, पाच-सात हजारांची, सहा महिन्यांत फिटणारी. कशासाठी दिलं ते इतिवृत्तात लिहा. ‘घरखर्च’ लिहायलाही लाजू नका. मुलाची फी, दवाखाना, बियाणं ही खरी कारणं आहेत. खोटं ‘शिलाई मशीन’ लिहिलं तर साहेब मशीन बघायला येतात.

वहीकडे जरा जवळून पाहा. बैठक उठण्याआधी रोकड मोठ्याने मोजून लिहा: सुरुवातीची शिल्लक ३१०, बचत २,४००, मुद्दल परत ३,५००, व्याज ६४०, दंड २०, एकूण ६,८७०. कर्ज दिलं ६,०००. हातात राहिले ८७०. पेटीत ८७० निघाले तरच सह्या. निघाले नाहीत तर तिथेच शोधा, महिन्याने सापडत नाही. सहा महिन्यांची वही एका रात्रीत बसून भरलेली बँकेला लगेच ओळखू येते. शाई एकच असते, सगळ्या सह्या एका लयीत असतात आणि बाळंतपणाला माहेरी गेलेली सदस्यसुद्धा हजर दाखवलेली असते. गैरहजेरी आणि पाच रुपये दंड लिहिलेली वही जास्त विश्वासाची.

एवढं झालं की सूक्ष्म पत आराखडा करा. कोणाला, कशाला, किती आणि फेड कधी, असं बाराही जणींचं. कर्ज आलं की समान वाटणी करू नका. दोन लाख भागिले बारा, असं वाटलं की जिला गरज नाही तीही घेते आणि जिला ४० हजार हवे होते तिला सतराच्या आत भागवावं लागतं. ती मग उरलेल्यासाठी कंपनीच्या दारात जाते. कॅश क्रेडिट मर्यादा मिळत असेल तर ती घ्या. उचललेल्या रकमेवरच व्याज लागतं.

प्रश्न: समूह कर्जातल्या एकीने दोन हप्ते चुकवले. वसुलीचा माणूस आम्हा सगळ्यांना मीटिंगमध्ये संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतो. ‘तिचे पैसे गोळा करा, मगच उठा’. हे कायद्यात बसतं का?

आधी करार पाहा. तुम्ही एकमेकींच्या जामीन म्हणून सह्या केल्या असतील तर तिची रक्कम तुमच्याकडे मागण्याचा हक्क कंपनीला आहे. पण मागण्याची रीत ठरलेली आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं याला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायला हवी. घरी किंवा कामावर येता येतं ते लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा त्या जागी कर्जदार आली नाही तरच. बायकांना कोंडून ठेवल्यासारखं बसवणं हा त्रासच आहे. तुमचे हप्ते भरले असतील तर पावती घ्या, कार्डावर नोंद करून घ्या आणि उठा.

तक्रारीची पायरी अशी: कर्जाच्या कार्डावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा क्रमांक असतो. तिथे तक्रार करून तिचा नंबर लिहून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणि जी चुकली तिला एकटं पाडू नका. आजारपणामुळे चुकली असेल तर तिने स्वतः लेखी कळवावं. अडचणीतल्या कर्जदाराला ओळखून मार्ग दाखवण्याची यंत्रणा ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. उशिराचा दंडही फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, पूर्ण कर्जावर नाही.

प्रश्न: महाविद्यालयात या विषयावर मांडणी करायची आहे. लघुकर्जाने महिला गरिबीतून खरंच बाहेर येतात का?

काही येतात, सगळ्या नाही. आणि कोण येतं हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. महंमद युनूस यांनी बांगलादेशात १९७६ मध्ये जोब्रा गावात हे काम सुरू केलं, १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. त्या काळात लघुकर्ज म्हणजे गरिबीवरचा रामबाण उपाय असं बोललं जाई. पुढे बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा काटेकोर अभ्यास जानेवारी २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. भारतातला अभ्यास हैदराबादच्या १०४ वस्त्यांमधला होता. निष्कर्ष साधारण एकाच दिशेचा निघाला: काहींचा आधीपासून चालू असलेला धंदा वाढतो, खर्चाची घडी बसवायला मदत होते, पण सरासरी घराचं उत्पन्न फारसं उचलत नाही.

हे वाचून कर्ज निरुपयोगी आहे असं मांडू नका. दवाखान्याच्या रात्री सावकाराच्या दारी न जावं लागणं ही मोठी गोष्ट आहे, ती उत्पन्नाच्या रकान्यात दिसत नाही. पण जिच्याकडे जमीन, जनावर, हुन्नर, बाजाराची ओळख यांपैकी काहीच नाही, तिला आधी कर्ज देणं चूक आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून अशा अतिगरीब घरांसाठी वेगळी रीत आखली: आधी शेळ्या-कोंबड्यांसारखी मालमत्ता, काही महिने थोडा खर्चाचा पैसा, प्रशिक्षण, नियमित भेटी आणि बचत. अशाच रीतीच्या सहा देशांतल्या चाचणीत घरांची स्थिती सुधारली आणि मदत संपल्यावरही ती सुधारणा टिकून राहिली.

उलट टोक पाहायचं तर २०१० चा आंध्र प्रदेश पाहा. एकाच घरात अनेक कंपन्यांची कर्जं, एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून. शेवटी राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. आज घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत असा जो नियम आहे, त्याची मुळं त्या काळात आहेत. १५ हजार उत्पन्न असेल तर सगळे मिळून साडेसात हजार. आमच्या मते हातावर पोट असलेल्या घराला तेही जास्त आहेत. तिसरा हिस्सा, म्हणजे पाच हजार, ही सुरक्षित रेघ.

प्रश्न: शेजारीण म्हणते, ‘तुझ्या नावावर कर्ज काढून दे, हप्ते मी भरते’. नाही कसं म्हणायचं?

‘माझ्या नावावर आता बसत नाही’ असं म्हणा. ते खरंही आहे, कारण तिच्या कर्जाने तुमची ५० टक्क्यांची जागा खाल्ली की तुमच्या गरजेला कर्ज मिळणार नाही. कागदावर कर्जदार तुम्हीच असता. थकलं तर पतनोंद तुमची बिघडते. विमा तुमच्या जिवाचा असतो, तिचं काही बरंवाईट झालं तर कर्ज तुमच्या गळ्यात. आणि तिला स्वतःच्या नावावर कर्ज का मिळत नाही, याचं उत्तर बहुधा तिच्या आधीच्या तीन-चार कर्जांत असतं.

काढून दिलंच असेल तर भांडू नका. रक्कम आणि तारखा लिहून तिची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. हप्ता तिने मीटिंगमध्ये तुमच्यासमोर भरावा आणि नोंद तुमच्या कार्डावर व्हावी. पुढची फेरी मात्र उचलू नका. सिबिल, हायमार्क यांसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून आपल्या नावावर नेमकी किती कर्जं आहेत ते पाहा. न घेतलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

प्रश्न: पती वारले. कर्ज माझ्या नावावर आहे, विम्याचे पैसे कापले होते. तरी हप्ता मागतात.

अशा विम्यात बरेचदा पती-पत्नी दोघांचा जीव धरलेला असतो. कर्जाच्या कार्डावर विम्याची रक्कम आणि कोणाचा विमा ते बहुधा लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तुमच्याकडे विम्याचं प्रमाणपत्र नसेल तर लेखी मागा. मृत्यूचा दाखला, दोघांची आधार कार्डं, कर्जाचं कार्ड आणि तुमचं बँक पासबुक यांच्या झेरॉक्स जोडून दावा शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. दावा लागेपर्यंत हप्ता भरावा लागला तर प्रत्येक पावती वेगळी ठेवा. मंजूर झालेली रक्कम मृत्यूच्या तारखेच्या शिलकीवर धरली असेल, तर त्यानंतर भरलेले हप्ते त्याच पावत्यांवर परत मागता येतात.